एसीएलचं ऑपरेशन झालं, गुडघा घट्ट आहे, पण चाल बदलली. पुढे झीज होऊ नये म्हणून काय करता?

चिरेबंदी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहणार फोंडा, गोवा, वय ३१, नोकरी वेर्ण्याला.

नोव्हेंबरात कापणी झालेल्या शेतात गावची फुटबॉल मॅच होती. कॉर्नरला उडी मारली, डाव्या पायावर उतरलो आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज शेजारच्या पोरानेही ऐकला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूची हाडांमधली गादीही (मेनिस्कस) थोडी फाटलेली. जानेवारीत ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा कंडरा घेऊन नवं लिगामेंट बसवलं, गादीचा फाटका तुकडा तेवढा छाटला.

आता चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली. सर्जन म्हणतात, गुडघा घट्ट आहे, नेहमीसारखा वापरा. दुखत नाही, सूजही नाही. पण परवा मामी माझ्या मागून चालत येत होती, ती म्हणाली, "लंगडत नाहीस रे, पण डाव्या पायावर भार टाकत नाहीस." तेव्हापासून स्वतःकडे बघायला लागलो. बोरीच्या पुलावर गाड्या अडकल्या की स्कूटरवरून उजवाच पाय खाली टेकतो, पूर्वी डावा टेकायचो. सोफ्यावरून उठताना डावा पाय नकळत पुढे सरकतो, म्हणजे सगळा जोर उजव्यावर. जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे जातो.

त्यात इंटरनेटवर वाचलं की ऑपरेशन झालं तरी पुढे निम्म्या लोकांचा गुडघा झिजतो. हे खरं आहे का? चालणं, उतरणं, उडी मारणं नव्याने शिकवतात म्हणे. कुणी केलंय का? फोंड्यात घरी राहून जमण्यासारखं आहे का? फिजिओकडची ठरलेली सेशन कधीच संपली, शेवटची दोन तर नुसती मशीन लावून पडून राहण्यात गेली.

जुना स्टॉपर

बाब, तुझं नशीब चांगलं, तुकडाच छाटला. आमच्या काळात गादी फाटली की अख्खी काढून टाकायचे. माझी उजव्या गुडघ्याची काढली, दोन महिन्यांत परत मैदानात. टाळ्या पडल्या. आज पासष्टी ओलांडली, पाय धनुष्यासारखा वाकलाय आणि डॉक्टर सांधा बदला म्हणतात. व्यायाम कसला, कुणी काही सांगितलंच नाही.

२०१२ साली फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर झाला. चांगलं झालं. पण गावच्या टीमकडे आजही बर्फाची पिशवी शोधावी लागते, ती शेवटी मासळीवाल्याकडेच मिळते.

दर्यावर्दी

नारायण तेल कोमट करून लावा रोज रात्री. आणि मिरामारला वाळूत अनवाणी चाला. माझ्या भावाला फरक पडला.

सांधेवाली

मी मडगावला फिजिओथेरपी करते. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या निम्म्याचं. एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी सरासरी निम्म्या लोकांत १० ते २० वर्षांत झिजेची चिन्हं दिसतात, असं संशोधनातून सांगितलं जातं. गादीला इजा असेल तर धोका वाढतो. ऑपरेशनने गुडघा निसटायचा थांबतो, पण झिजेचा धोका त्याने संपत नाही. विशीत गुडघ्याला अशी इजा झालेला खेळाडू चाळिशीत म्हाताऱ्याचा गुडघा घेऊन येतो तो यामुळे.

असं का होतं? थोडं नुकसान त्या क्षणीच झालेलं असतं. लिगामेंट तुटताना मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर आदळतात. पहिल्या एमआरआयमध्ये हाडाला मुका मार दिसतो तो हाच. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, म्हणजे कूर्चेलाही, तो बसतो, मग सांध्यात दाह सुरू होतो. ते परत फिरवता येत नाही, त्यावर झुरण्यात अर्थ नाही.

पुढचा भाग मात्र आपल्या हातात आहे. सुजलेल्या गुडघ्यात मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्सना, पूर्ण जोर लावू देत नाही. पेशंट कामचुकार असतो म्हणून नव्हे, स्नायूला हुकूमच अर्धा पोचतो. काही आठवड्यांत मांडी बारीक होते. आणि मेंदू तोवर एक सोय करून ठेवतो: पाय टेकताना गुडघा वाकवायचाच नाही, काठीसारखा ताठ ठेवायचा, भार कंबरेवर आणि दुसऱ्या पायावर ढकलायचा. दुखणं गेलं, सूज गेली, तरी ही सोय जात नाही. तुमच्या मामींनी नेमकं तेच पकडलं. पुष्कळदा आमच्या डोळ्यांनाही ते सुटतं, कारण लंगडणं नसतं.

आता लोकांना पटत नाही ती गोष्ट. "गुडघ्यावर भार कमी पडला तर बरंच की, झीज कमी होईल." उलट आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. भार आला-गेला, आला-गेला, यातूनच तिला सांध्यातल्या द्रवातून पोषण मिळतं. ज्या भागावर भार येणं थांबतं तो भाग कमकुवत होतो. अमेरिकेत डेलावेर विद्यापीठात एक छोटा अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर पाच वर्षांनी ज्यांच्या एक्स-रेत झीज दिसली, त्यांच्या गुडघ्याच्या आतल्या भागावर सहाव्या महिन्यात चालताना दुसऱ्या पायाच्या मानाने कमी भार पडत होता. ज्यांना झीज नव्हती त्यांचे दोन्ही पाय जवळपास सारखे होते. बावीस माणसांचा अभ्यास, त्यावर इमले बांधू नयेत. पण पाय जपून जपून वाचतो हा समज त्याने नक्की हलतो.

तर करायचं काय? सगळ्यात आधी गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होतो का ते बघा. पालथे झोपून दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली पलंगाबाहेर सोडा आणि कुणाला तरी मागून दोन्ही टाचांची उंची बघायला सांगा. एक टाच वर राहत असेल तर चालीचं पुढचं सगळं शिकणं व्यर्थ, आधी सरळपणा मिळवा. दुसरं, ताकद. ऑपरेशन झालेल्या पायाच्या क्वाड्सची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. मोजायला यंत्र लागतं, पण जिममध्ये एका पायाने लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शन करून अंदाज येतो (लेग एक्स्टेन्शन किती वजनाने आणि किती कोनात, हे मात्र तुमच्या फिजिओला विचारून). ज्या स्नायूत दम नाही त्याला नवी चाल शिकवता येत नाही. इथे काही लोक घाई करतात, तर काही सहा महिने नुसत्या रबराच्या पट्ट्या ओढत बसतात. वजन उचला हो! बायकांनीसुद्धा.

मग चाल. मोबाईल कुणाच्या तरी हातात द्या, बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. टाच टेकल्यानंतर लगेच गुडघा थोडा वाकायला हवा, झटका शोषून घ्यायला. दोन्ही पायांत हे सारखं दिसतंय का बघा. डावा ताठच राहत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

सुधारताना "गुडघा वाकव, गुडघा वाकव" असं मनात घोकू नका. लक्ष शरीराच्या आत गेलं की हालचाल अडखळते. लक्ष बाहेर ठेवा. मी पेशंटना घरातल्या लादीवर चपला घालून चालायला लावते आणि दोन्ही पावलांचा आवाज सारखा येईपर्यंत ऐकायला सांगते. जिन्यावर "पायरी खाली ढकल" म्हणते. उडी मारून उतरताना "आवाज न करता उतर" एवढंच.

वाळूचं: दर्यावर्दी, वाळू वाईट नाही, पण पाण्याच्या कडेची वाळू उतरती असते. एकाच दिशेने चाललात तर एक पाय कायम खाली. चाल सुधारत असलेल्या माणसाने सुरुवातीला सपाट, टणक जागा घ्यावी. कांपालच्या फुटपाथवर सकाळी जा. तेल लावा, बरं वाटतं, फक्त ते कूर्चेपर्यंत जात नाही.

चिरेबंदी, तुम्ही एक करा. दोन सारखे वजनकाटे मिळवा, घरात वापरतात तेच. शेजारी ठेवा, एकेक पाय एकेकावर, खुर्चीवरून उठा-बसा आणि कुणाला तरी आकडे वाचायला सांगा. मग इथे लिहा.

अबोली

ताई, किती छान लिहिलंत. माझी मुलगी १५ वर्षांची, शाळेकडून खेळते. तिच्यासाठी विचारते, इजा होण्याआधीच काही करता येतं का? मुलींना हे जास्त होतं म्हणतात.

दाखला द्या

लेख वाचनीय, पण दोन शंका.

एक. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर चाचणी झाली होती, २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी फरक नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तरी फरक नाही, एक्स-रेतल्या झिजेतही नाही. मग आपल्याकडे एमआरआयचा कागद हातात पडला की आठवड्यात टेबलावर घेतात ते कशाला?

दोन. चाल सुधारून झीज टळली, असं पंधरा-वीस वर्षं माणसांचा पाठपुरावा करून कुणी दाखवलंय का? की हाही एक नवा धंदा?

जुना स्टॉपर

धंदा म्हणायला पैसे कुठे मागितले त्यांनी.

सांधेवाली

दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिली: ती चाचणी मला मान्य आहे आणि पेशंटना मी ती सांगतेही. फक्त पुढचा तपशीलही सांगा. व्यायामाच्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांनी पाच वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. आणि त्या गटात व्यावसायिक खेळाडू नव्हते. ज्याचा गुडघा जिन्यावरही सटकतो, किंवा ज्याला पुन्हा वळण्या-थांबण्याचा खेळ खेळायचाय, त्याचा हिशोब वेगळा. पण घाई नको, आधी काही आठवडे नीट व्यायाम करून मग ठरवा, हे मी सर्जनसमोरही बोलते.

दुसरी: नाही, तसा पुरावा नाही. ट्रेडमिलवर चालणाऱ्याला समोरच्या पडद्यावर पाय किती जोराने टेकतोय ते दाखवलं तर तो भार बदलू शकतो, एवढं प्रयोगशाळेत दिसलंय. तो बदल घरी गेल्यावर टिकतो का, आणि टिकला तर कूर्चा वाचते का, हे सिद्ध व्हायचंय. "माझ्या दहा सेशनमध्ये झीज थांबेल" असं कुणी म्हणालं तर पाकीट आत ठेवा. मी फक्त एवढं म्हणते की ज्या गोष्टींचा झिजेशी संबंध दिसलाय, कमकुवत मांडी, न सरळ होणारा गुडघा, वाढलेलं वजन, पुन्हा झालेली इजा, विचित्र भार, त्यातल्या बहुतेक व्यायामाने बदलतात. आणि त्या बदलल्या की माणूस आज बरा चालतो. वीस वर्षं वाट बघायला लागत नाही.

अबोलीताई, हो, मुलींत एसीएलचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त. उडीवरून उतरताना गुडघे एकमेकांकडे कोसळतात का ते बघा. फिफाने "११ प्लस" नावाचा वॉर्म-अप काढलाय, साधारण २० मिनिटांचा: धावणं, मग ताकद-तोल-उड्या, मग पुन्हा धावणं. साधन काही लागत नाही, चेंडूसुद्धा नावापुरता. आठवड्यातून दोनदा तरी नियमित केला तर इजा कमी होतात, याला चांगला पुरावा आहे (दाखला द्या, तुमच्यासाठी खास). नेटवर फुकट मिळतो. कोचना दाखवा.

चवथीची फुगडी

मी खेळाडू वगैरे नाही. पावसात न्हाणीघरामागच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर शेवाळ होतं, पाय गेला. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं. नवऱ्याला वाटतं मी आता फक्त निमित्त सांगते. माझे प्रश्न साधे आहेत. आरतीला पाटावर मांडी घालून बसू का? आणि फुगडी? आमच्या माटोळीखाली (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) दर चवथीला मीच सगळ्यांना ओढून उठवायची.

चिरेबंदी

काटे मिळाले. एक घरचा, एक शेजारच्या काकूंचा. दोन्हींवर आळीपाळीने उभा राहून आधी ते सारखं दाखवतात का ते तपासलं.

नुसतं उभं राहिलो तेव्हा डावीकडे ३३, उजवीकडे ३८. म्हटलं, ठीक आहे. मग खुर्चीवरून उठलो. आई चष्मा लावून खाली वाकून वाचत होती. उठायच्या मधल्या क्षणाला ती म्हणाली, "हो काटो बिघडलो मरे." डावीकडे २२ आणि उजवीकडे काटा पन्नाशीला. पुन्हा केलं, तेच. आश्चर्य म्हणजे मला आतून दोन्ही पायांवर सारखाच जोर वाटत होता! शपथेवर सांगितलं असतं की मी सरळ उठतोय.

मग आकड्याकडे बघत बघत उठलो तर ३२-३९ पर्यंत आलं. मांडी थरथरायला लागली पण आलं. आई बाजूला गेली आणि टीव्हीकडे बघत उठलो तर पुन्हा पंचवीसच्या आसपास.

सांधेवाली

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यात सगळा प्रकार आला. लक्ष असलं की जमतं, लक्ष गेलं की जुनी सोय परत. म्हणून आमचा सराव इथे थांबत नाही. आकडा बघून जमायला लागलं की काट्याकडे न बघता करा, मग उठून झाल्यावर आकडा आधी ओळखा आणि नंतर विचारा. ते जमलं की उठता-बसता शंभरातून सात सात वजा करत मोजा. नंतर कुणीतरी चेंडू फेकावा आणि तुम्ही झेलत उठा. एसीएल तुटल्यावर गुडघ्याकडून मेंदूला मिळणारी खबर कमी होते, त्यामुळे मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो. पाय बघत चालणारा माणूस मैदानात चेंडू कुठे बघणार? म्हणून एका पायावर तोल सांभाळणं आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून, भिंतीजवळ उभं राहून.

स्कूटरचा डावा पायही सरावात घ्या. सिग्नलला मुद्दाम डावा टेका. दिवसातून अशा कितीतरी वेळा होणाऱ्या गोष्टींनीच ही सवय पक्की झालेली असते, आणि ती सुटतेही तिथेच. सोफ्यावरून उठताना दोन्ही टाचा एका रेषेत.

आणि पुढच्या कापणीनंतरच्या मॅचचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. नऊ महिन्यांच्या आत परत खेळू नका. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एकत्र अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं तितकी पुन्हा इजा होण्याची शक्यता दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटली. नऊ महिने भरले म्हणूनही मोकळीक नाही. ताकद आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांवर गेल्या की मग. पहिली मॅच नांगराच्या सऱ्या सुकलेल्या शेतात तर नकोच, सपाट मैदान बघा.

दाखला द्या

काट्यांचा प्रयोग आवडला. खर्च शून्य, मोजता येतो. हे मान्य.

सांधेवाली

फुगडीताई, तुमचं राहिलं होतं. मांडी घालायला हरकत नाही, गुडघा पूर्ण वाकत असेल, सूज येत नसेल आणि गादीला टाके घातलेले नसतील तर. टाके असतील तर सर्जनना विचारा. बसण्यापेक्षा उठणं बघा: प्रत्येक वेळी चांगला पाय पुढे आणि हाताचा टेकू, असं करत असाल तर एकदा त्या पायाने आणि एकदा ह्या पायाने उठायला लागा.

फुगडीत गोल धरून पावलं टाकायची जी असते ती आजपासून करा. दोघींनी हात धरून मागे झुकून गरगर फिरायची असते तिला थांबा. तळवा जमिनीला चिकटलेला आणि गुडघा पिळतोय, हीच एसीएलला नको असलेली हालचाल. एका पायावर बसकी घेताना आरशात गुडघा पावलाच्या रेषेत राहतो, एका पायावर उडी मारून शांत उतरता येतं, जागच्या जागी पाव वळण घेऊन उडी मारता येते, एवढं झालं की हळू वेगाने सुरुवात. ओल्या लादीवर नाही. बसफुगडी सगळ्यात शेवटी. नवऱ्यांना एका पायावर दहा बसक्या काढायला सांगा, निमित्ताचा विषय मिटेल.

चवथीची फुगडी

सांगितलं. तीनावर थांबले. 😄 देव बरें करूं, ताई.

जुना स्टॉपर

पोरांचं झालं. आमच्यासारख्यांचं काय? ज्यांची झीज होऊन बसलीय?

सांधेवाली

काका, सांधा बदलायचा निर्णय डॉक्टरांबरोबर शांतपणे घ्या, पण तोवर आणि नंतरही व्यायाम लागणारच. झीज झाल्यावरही पहिला उपचार व्यायाम आणि वजन हाच आहे. जाड माणसांवरच्या एका अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी झाला होता. पोट असेल तर तिथून सुरू करा. उंच खुर्चीवरून हाताशिवाय उठा-बसा, दुखलं तर थोडंसं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली नाही म्हणजे झालं. सायकल चालवा.

सगळ्यांसाठीच: गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, वारंवार सटकत असेल, ताप येऊन गुडघा लाल-गरम होत असेल किंवा ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखत असेल, तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

अबोली

कोचना ११ प्लस दाखवला. म्हणाले, २० मिनिटं त्यात गेली तर प्रॅक्टिस कधी घेऊ, मैदान तासभरच मिळतं. काय सांगू?

सांधेवाली

सांगा, मुली मैदानाबाहेर थांबतात ती वेळ वापरा. मधला ताकदीचा भाग घरी करून आल्या तरी चालतं. धावण्याचे दोन भाग मैदानावर दहा मिनिटांत होतात. हवं तर कोचचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी सकाळी येऊन मुलींना उतरायचं कसं ते दाखवून जाईन.

चिरेबंदी

ताई, फोंड्यालाही या. काटे दोन आहेत.